फोंतेनब्लोचे जंगल आणि ल्वँचे खोरे : धावण्याच्या वाटांचे परीक्षण

पॅरिसच्या गार द लिओं स्थानकातून 'आर' मार्गाची लोकल पकडली की चाळीसएक मिनिटांत फोंतेनब्लो-आवों येते. उतरणारे बहुतेक प्रवासी राजवाड्याकडे जाणाऱ्या बसच्या दिशेने निघतात, आणि पाठीला पाण्याची पिशवी बांधलेली मोजकी मंडळी मात्र विरुद्ध बाजूला वळून थेट जंगलात शिरतात. नोकरीनिमित्त पॅरिसच्या उपनगरात राहायला आल्यापासून गेली चार वर्षे मी या मंडळींपैकी एक आहे. पुण्याहून येणारे धावपटू मित्र 'तिकडे धावायला कुठे जायचे' असे विचारतात तेव्हा मी दरवेळी याच जंगलाचे आणि त्याच्या दक्षिण-पूर्व कडेने वाहणाऱ्या ल्वँ नदीच्या काठाचे नाव घेतो. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेले येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम या वाटांचा इतिहास थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तो पायांना प्रत्यक्ष जाणवतो. नेपोलियनच्या सैन्यात राहिलेल्या क्लोद-फ्राँस्वा देनकूर या गृहस्थाने १८४२ पासून येथे पायवाटा आखायला सुरुवात केली. जंगलातले रस्ते तोवर प्रामुख्याने राजांच्या शिकारीसाठी काढलेले, सरळसोट आणि चांदणीसारखे एका चौकात येऊन मिळणारे असे होते. देनकूरने त्यांच्याकडे पाठ फिरवून खडकांच्या फटींतून, कपारींच्या आतून आणि टेकडीच्या कडेकडेने जाणाऱ्या वळणदार वाटा काढल्या, आणि चुकू नये म्हणून त्यांवर निळ्या रंगाच्या खुणा केल्या. १८४९ मध्ये रेल्वे येथवर पोहोचली आणि पॅरिसकरांची रीघ लागली. निळ्या खुणा आजही आहेत आणि १९०७ मध्ये स्थापन झालेली 'फोंतेनब्लो जंगलाचे मित्र' ही संस्था त्यांची निगा राखते. स्थानकापासून जवळच असलेला देनकूरचा मनोरा ही माझ्या बहुतेक धावांची पहिली चढण असते.

धावण्याच्या दृष्टीने या निळ्या वाटांबद्दल माझे मत संमिश्र आहे. देनकूरला माणसाला लवकर कोठे पोहोचवायचे नव्हते, त्याला प्रत्येक खडक दाखवायचा होता. त्यामुळे त्याची वाट सरळ जाण्याची संधी असतानाही वळते, चढलेली उंची वीस पावलांत गमावते, आणि मध्येच दोन शिळांमधल्या अशा फटीत नेते की पाठीवरची पिशवी घासल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. लय धरून एकसारखे धावू इच्छिणाऱ्याची येथे निराशा होईल. सपाट रस्त्यावर तासाभरात होणारे दहा किलोमीटर मला येथे दीड तासाहून अधिक वेळ घेतात. मात्र घोटे, पोटऱ्या आणि तोल यांची मेहनत करायची असेल तर यासारखी जागा माझ्या पाहण्यात नाही. संपूर्ण जंगलात दीडशे मीटर उंचीचे एकही ठिकाण नाही, हे नकाशावर पाहून अनेकजण फसतात. उंची कमी असली तरी चढ आखूड, उभे आणि एकामागून एक येणारे आहेत. जंगलाच्या पश्चिम अंगाला, त्रुआ पिन्यों भागात, 'पंचवीस उंचवटे' अशा अर्थाच्या नावाची लाल खुणांची सुमारे सोळा किलोमीटरची फेरी आहे. गिर्यारोहक तिच्यावर डोंगरांसाठी सराव करतात आणि शेवटच्या काही चढांवर हातांचा आधार घ्यावाच लागतो. तेथे रेल्वेने पोहोचणे सोयीचे नाही, एवढा एकच दोष मी त्या फेरीला देईन.

या जंगलाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या जमिनीत आहे. तीन कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी येथे उथळ समुद्र होता, त्याची वाळू मागे राहिली आणि तिचा वरचा थर घट्ट होऊन वालुकाश्म झाला. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या पायांना हे सगळेच नवखे वाटते. खडक राखाडी, गोलसर आणि कोरडा असताना उत्तम पकड देणारा आहे, तर त्याच्या पायथ्याची वाळू पिठीसाखरेइतकी पांढरी आणि बारीक आहे. एका उतारावर थांबून मी माझ्याच पावलाचा ठसा पाहिला होता. टाचेचा खड्डा माझ्या डोळ्यांदेखत कडांनी ढासळत भरून आला आणि पाच-सात सेकंदांत तेथे फक्त उथळ वाटीएवढा खळगा उरला. अशा वाळूत चढताना प्रत्येक पावलाचा निम्मा जोर वाया जातो, म्हणून पावले आखूड टाकणे आणि शक्य तेथे झाडांच्या मुळांवर पाय देणे उपयोगी पडते. उतरताना मात्र हीच वाळू गुडघ्यांना इतकी जपते की बेधडक उतरता येते.

या वाळूचा दुसरा परिणाम असा की जंगलात वाहते पाणी जवळपास नाही. फ्राँशार आणि आप्रमाँ येथील भागांना 'गॉर्ज' म्हणजे घळी म्हणतात, परंतु त्यांत नदी शोधू नये, कारण पडलेला पाऊस तळाशी न साचता वाळूत मुरून जातो. उन्हाळ्यात मी दोन तासांच्या धावेसाठी दीड लिटर पाणी सोबत ठेवतो आणि तेही क्वचितच उरते. जंगलाच्या दक्षिण भागात पॅरिसला पिण्याचे पाणी नेणाऱ्या, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या व्हान जलवाहिनीच्या कमानी लागतात. तहान लागलेली असताना डोक्यावरून शहराचे पाणी जात आहे, ही जाणीव मला दरवेळी होते.

खुणांविषयी अधिक लिहायला हवे, कारण फ्रान्समध्ये धावण्याची सारी सोय त्यांवर उभी आहे. दूर पल्ल्याच्या वाटांना पांढऱ्या पट्ट्याखाली लाल पट्टा, प्रदेशाभोवती फिरणाऱ्या वाटांना पिवळा आणि लाल, छोट्या फेऱ्यांना नुसता पिवळा, वळण आले की वाकलेला पट्टा आणि चुकीच्या वाटेवर फुली, अशी ही पद्धत आहे. पदभ्रमण महासंघाचे स्वयंसेवक रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन स्वतःच्या सुटीच्या दिवशी ती टिकवतात. एकदा ल्वँकाठच्या मोंतिन्यी गावाजवळ मी अशा एका वयस्क बाईंना काम करताना पाहिले. त्यांनी बीच वृक्षाच्या गुळगुळीत सालीवरचे शेवाळ आधी तारेच्या ब्रशने हळुवार घासले, जागा फडक्याने पुसली, पत्र्याचा साचा टेकवला आणि पांढरा पट्टा वाळेपर्यंत शेजारी उभ्या राहून मगच लाल रंग लावला. एका झाडाला दहा मिनिटे लागली. त्यानंतर मी कोणत्याही खुणेजवळून सहजपणे पुढे गेलेलो नाही.

तरीही धावणाऱ्याला येथे एक अडचण येते आणि ती मी चार वर्षांत पुन्हा पुन्हा अनुभवली आहे. या खुणा चालणाऱ्याच्या वेगासाठी काढलेल्या आहेत. चालणारा माणूस चौकात थांबतो, मान वळवतो आणि डावीकडच्या ओकवरचा वाकलेला पट्टा पाहतो, तर धावणाऱ्याची नजर पुढच्या चार पावलांवरच्या मुळांत आणि दगडांत असते. उतारावर तर वळणाची खूण हमखास निसटते. मी स्वतःपुरता नियम केला आहे की प्रत्येक चौकात वेग चालण्यावर आणायचा आणि तीन मिनिटे खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत जायचे. मागच्या वर्षी एका ॲपवरून उतरवलेल्या मार्गावर विसंबून हा नियम मोडला, आणि त्या रेषेने मला कुंपण घातलेल्या खासगी जमिनीच्या फाटकाशी नेऊन सोडले. तेथून मागे फिरताना अंधार पडला. तेव्हापासून १:२५,००० प्रमाणाचा, २४१७ ओटी क्रमांकाचा शासकीय नकाशा घडी करून सोबत असतो. रानातल्या विभागांचे क्रमांक झाडांवर किंवा खांबांवर रंगवलेले दिसतात, तेही वाचत जावे. ११२ या क्रमांकावर मदत मागण्याची वेळ आली तर आपण कोठे आहोत हे त्यांवरून नेमके सांगता येते.

आता ल्वँकडे वळतो. माझा सर्वांत आवडता मार्ग बुरों-मार्लोतच्या स्थानकापासून सुरू होतो. तेथून जंगलात शिरून लों रोशे नावाच्या लांबट खडकाळ कण्यावर चढायचे, त्याच्या माथ्यावरून पूर्वेकडे जायचे, मोंतिन्यी-स्यूर-ल्वँ गावात उतरून नदी ओलांडायची आणि मग कालव्याच्या काठाने मोरे या गावापर्यंत धावायचे. एकूण सोळा-सतरा किलोमीटर होतात. पहिल्या निम्म्या भागात हात, पाय आणि डोळे सगळे कामाला लागतात. ऑगस्टच्या अखेरीस त्या कण्यावर जांभळ्या फुलांची झुडपे इतकी फुललेली असतात की वाट त्यांच्यात बुडून जाते. जुन्या खाणींचे ढीगही येथेच आढळतात. पॅरिसच्या रस्त्यांवरची फरसबंदी या जंगलाच्या दगडातून घडली, आणि त्या खाणकामाला विरोध करणाऱ्यांत जंगलाच्या कडेच्या बार्बिझों गावात राहून निसर्गचित्रे काढणारे चित्रकार पुढे होते. त्यांच्या आग्रहामुळे १८६१ मध्ये सुमारे १,०९७ हेक्टर जंगल निसर्गसौंदर्यासाठी राखून ठेवण्यात आले, म्हणजे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या अकरा वर्षे आधी. आजही काही राखीव भागांत पडलेले झाड उचलत नाहीत. वाऱ्याच्या दिवशी तेथे फांद्या पडण्याचा धोका असल्याने मी त्या भागांत जाणे टाळतो.

मोंतिन्यीचा पूल ओलांडल्यावर सारे बदलते. अठराव्या शतकात खोदलेल्या कालव्याच्या काठाने, पूर्वी होड्या ओढणारी जनावरे ज्या वाटेने चालत, त्याच सपाट वाटेने पुढचा प्रवास होतो. दोन्हीकडे उंच झाडे, पाण्यावर बगळे, आणि अधूनमधून पाण्याची पातळी वरखाली करणारी लाकडी-लोखंडी दारे व त्यांच्याशेजारी राखणदाराचे छोटे घर. जंगलात विस्कटलेली लय येथे पहिल्या किलोमीटरातच पुन्हा सापडते. वाटेचा पृष्ठभाग बहुतेक ठिकाणी उत्तम आहे. युरोपभर जाणारा एक सायकलमार्ग याच काठाने जात असल्याने सुटीच्या दिवशी सायकलींना जागा द्यावी लागते, पण घंटी वाजवून नमस्कार करण्याची रीत येथे पाळली जाते. २०१६ च्या जूनमध्ये ल्वँला मोठा पूर येऊन नमूर शहर पाण्याखाली गेले होते, आणि हिवाळ्यात नदीकाठच्या कच्च्या वाटा अजूनही चिखलात रुततात. फेब्रुवारीत येणाऱ्याने कालव्याचीच वाट धरावी.

या खोऱ्याचा एक मोठा गुण असा की रेल्वे नदीला समांतर जाते. नमूर, बुरों-मार्लोत, मोंतिन्यी आणि मोरे अशी स्थानके लागत असल्याने पाय थकले तर पुढच्या स्थानकावर धाव संपवता येते. गाडी मात्र तासाला साधारण एकच असते, म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. जानेवारी २०२५ पासून पॅरिसभोवतीच्या संपूर्ण इल-द-फ्राँस प्रदेशात रेल्वेच्या एकेरी प्रवासाचा दर अंतर न पाहता एकच झाला, त्यामुळे लांबची ही स्थानके माझ्यासारख्या पास नसलेल्या माणसालाही परवडू लागली.

काही काळजी घ्यावीच लागते. शरद ऋतूपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो. ज्या दिवशी शिकार चालू असते त्या दिवशी वाटेच्या तोंडाशी फलक लावतात, आणि तो दिसला की हुज्जत न घालता दुसरी वाट धरावी. भडक रंगाचा अंगरखा त्या महिन्यांत वापरावा. वसंतापासून पानगळीपर्यंत नेच्यांत आणि उंच गवतात गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम हा आजार होऊ शकतो, म्हणून घरी आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली तपासून पाहावे. पाणी संपले तर गावातल्या दफनभूमीत बहुधा नळ असतो. तेथे शांतपणे, टोपी काढून जावे आणि 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, हे आधी वाचावे. बूट खोल खाचांचे हवेत, पण फार जाड तळव्याचे नकोत, कारण गोल खडकांवर पायाला खालचा दगड कळणे गरजेचे असते.

मोरेमध्ये धाव संपते ती नदीवरच्या जुन्या दगडी पुलाशी, वेशीच्या कमानीसमोर. आल्फ्रेद सिसले हा चित्रकार याच गावात १८९९ मध्ये वारला, आणि त्याने पुन्हा पुन्हा रंगवलेला पूल, चर्च व पाणी यांची मांडणी समोर तशीच दिसते. गावात १६३८ पासूनची परंपरा सांगणारी ख्रिस्ती जोगिणींची बार्लीची खडीसाखर मिळते. मधाच्या रंगाची, काचेसारखी पारदर्शक अशी ती जिभेवर सावकाश विरघळते. मी दोन तुकडे लगेच तोंडात टाकतो, उरलेली पुडी पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवतो आणि स्थानकापर्यंतचा शेवटचा रस्ता चालतच जातो.