फोटोचा मग: ऑनलाइन की बेळगावच्या खडेबाजारातल्या स्टुडिओत?

बेळगाव, खानापूर वा निपाणीतून ऑनलाइन मागवलेली भेट परस्पर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या दारात पोहोचते आणि नमुनेही भरपूर मिळतात. एकाच मगासाठी कुरिअरचा खर्च मात्र जड वाटतो. छपाई दोन्हीकडे बहुधा सब्लिमेशनचीच, म्हणजे छापलेला कागद लेप दिलेल्या मगाला गुंडाळून सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला दाबायचा. खरा फरक मजकुरात पडतो. ऑनलाइनच्या तयार साच्यात मराठी जोडाक्षरे फुटली, तर कधीकधी ते पार्सल उघडल्यावरच कळते. बाजारातल्या स्टुडिओत मात्र दुकानदाराशेजारी उभे राहून ‘सौ.’पासून आडनावापर्यंत काना-मात्रा तपासता येते (तेवढा वेळ काढावाच). शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचा दर्जा बहुधा घटलेला असतो, हेही तिथे तोंडावर सांगतात. एकाच मगासाठी मी स्टुडिओच निवडेन.