पीएच.डी.: फेलोशिपवर पूर्णवेळ की नोकरी सांभाळून अर्धवेळ?

पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) झाली, गाइड मिळाले, आता अर्जात पूर्णवेळ की अर्धवेळ यावर अडून बसलाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही करून पाहिलंय. पहिली दोन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत अर्धवेळ, आणि नंतरची तीन वर्षं फेलोशिपवर पूर्णवेळ. विषय होता अठराव्या शतकातल्या एका परगण्याचा महसूल, म्हणजे साहित्य जवळपास सगळं मोडी लिपीत. माझं मत त्या कागदांवरून झालंय, हे आधीच सांगून ठेवतो.

पैशांचं थोडक्यात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, एसआरएफ (वरिष्ठ) ४२,०००, घरभाडं वेगळं. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. तासिकेवर असाल तर तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की बंद, त्यामुळे सोडण्यासारखं हातात फार नसतं. पण फेलोशिप पगारासारखी ठरल्या तारखेला येईल असं धरून चालू नका. माझी एकदा चार महिने आली नाही, तेव्हा खोलीचं भाडं भावाने भरलं. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल, किंवा कायम जागेवर असाल, तर राजीनाम्याचा विचार करा असं मी म्हणणार नाही.

मुदतीबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. अर्धवेळला जास्त वर्षं मिळतात असं वाटतं, तसं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळला मान्यता आहे, पण अटी त्याच: कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून २. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची, तीही दोघांना सारखीच. नोकरी करणाऱ्याला वर नियोक्त्याचं ना-हरकत पत्र लागतं.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला ती सांगतो. हे जुने कागद जिथे ठेवलेत त्या दफ्तरखान्याची वेळ आणि कॉलेजची वेळ एकच. दोष कोणाचाच नाही, सरकारी कार्यालय आहे, ते कार्यालयाच्या वेळेतच उघडणार. पण त्यामुळे मला महिन्यातून दोन, फार तर तीन दिवस मिळायचे, तेही तास बुडवून. पहाटेची एसटी धरायची, मागणीची चिठ्ठी भरायची, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) टेबलावर येईपर्यंत अकरा वाजलेले. गाठ सोडून कागद उलगडला की समोर बिवलकरी वळण, म्हणजे मोडी लिहिण्याची एक धाटणी. मोडीत शब्द तोडून लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, लेखणी न उचलता ओळ पळत गेलेली असते. तारीख शुहूर सनातली, म्हणजे अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेल्या जुन्या कालगणनेतली, 'सलास सबैन मया व अलफ' अशी. रोज वाचणाऱ्याला ती वाचता वाचताच ११७३ दिसते, ५९९ मिळवले की इसवी सन १७७२. तीन आठवड्यांनी आलेल्या माणसाला बोटं मोडत बसावं लागतं. मागच्या खेपेला ज्या कारकुनाचा हात ओळखीचा झालेला, तो पुन्हा परका वाटायचा. दुपारी तीननंतर कुठे डोळा बसायचा, आणि साडेचारला रुमाल परत बांधायची वेळ.

पुढे फेलोशिपवर सलग बसायला लागलो तेव्हा सोमवारी पाच-सहा कागद व्हायचे आणि गुरुवारी वीस-पंचवीस. रुमाल तेच, डोळे तेच, फक्त मधे खंड नव्हता. पहिल्या दोन वर्षांत जेवढं वाचलं होतं, तेवढं मी सहाव्या की सातव्या आठवड्यात ओलांडलं. त्या संध्याकाळी घरी फोन करून आईला हे सांगितल्याचं आठवतंय.

कॉलेजच्या कामांची खरी अडचणही हीच होती. एनएसएसचं शिबिर सात दिवसांचं, नॅकच्या मूल्यांकनाची फाइल महिनाभर, कॅपला (विद्यापीठाच्या केंद्रावर) पेपर तपासणी, जूनमध्ये प्रवेश. एकेक काम काही डोंगर नव्हे, आणि मुलांबरोबरचं शिबिर तर मला मनापासून आवडायचं. पण प्रत्येक काम नेमकं मधे येऊन पडायचं आणि धागा तुटायचा.

पूर्णवेळ म्हणजे सगळा वेळ आपला, असंही नाही. नियमावलीतच आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन-साहाय्याचं काम देता येतं असं म्हटलंय, आणि विभागात चर्चासत्र असलं की पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यापासून सगळं संशोधक विद्यार्थ्यांवर येतं. तरी ती कामं ग्रंथालयाच्या आवारातली. पाहुण्यांची गाडी गेली की पुन्हा टेबलावर येऊन बसता येतं, वही उघडीच असते.

दुसरी बाजूही डोळ्यांनी पाहिलीय. आमच्याबरोबर नोंदणी केलेल्या एक मॅडम बीड जिल्ह्यात कायम नोकरीत होत्या. विषय ऊसतोड कामगार महिलांचा. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, तेव्हा गावं रिकामी होतात. मार्च-एप्रिलपर्यंत माणसं परततात. म्हणजे ज्या मे महिन्यात त्या बायका घरी, त्याच मे महिन्यात कॉलेजला सुट्टी. मॅडमनी उन्हाळ्यात मुलाखती घेतल्या आणि हंगामात रात्री घरी बसून त्या लिहून काढल्या. नोकरी त्यांच्या आड आली नाही, उलट गावातल्या विद्यार्थिनींमुळे घराघरांत प्रवेश मिळाला. त्यांचा प्रबंध माझ्याआधी जमा झाला, आणि तो चांगला आहे.

म्हणून मला वाटतं, आधी साहित्य कुठे आहे ते पाहावं. ते घरी आणता येत असेल, छापील असेल, तर अर्धवेळ अगदी जमण्यासारखं आहे. पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे रियासतकार सरदेसाईंनी काढलेले ४५ खंड रात्री अकरालाही उघडता येतात. साहित्य कुलुपात असेल, किंवा हात आणि डोळा रोज चालता ठेवावा लागत असेल, तर माझा कल पूर्णवेळकडे आहे, थोडी ओढाताण सोसूनही.

अर्जाला अजून वेळ असेल तर एवढं करून बघा. दिवाळीच्या सुट्टीत सण आटोपला की दफ्तरखाना उघडा असेल असे आठ दिवस सलग जाऊन बसा, आणि रोज किती कागद झाले ते वहीत तारखेनिशी लिहा. मग कॉलेज सुरू झाल्यावर एखादा दिवस काढून परत जा आणि त्याच वहीत त्या दिवसाचा आकडा खाली लिहा.