संवेदनशीलता चाचणी: डिस्कची प्लेट की यंत्राचे कार्ड?

मध्यम आकाराच्या रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा उभी करताना, रुग्णाच्या नमुन्यातील जीवाणूवर कोणते प्रतिजैविक चालेल हे डिस्कच्या (औषध भिनवलेल्या कागदी चकतीच्या) प्लेटवर पाहावे की यंत्रात घालायच्या कार्डावर, हा प्रश्न येतोच, आणि मला तो स्वतःसाठी एकदा सोडवावा लागला आहे. दोन्ही पद्धतींवर मी अनेक वर्षे काम केले आहे. तरीही पुढे लिहितो आहे तो माझा अनुभव आहे, रीतसर मोजमाप नव्हे.

यंत्राच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. जीवाणूची ओळख आणि एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) एकाच फेरीत मिळते, मनुष्यबळ कमी लागते आणि झोन, म्हणजे डिस्कभोवतीचे वाढ न झालेले वर्तुळ, मोजणाऱ्या नजरेनुसार निकाल बदलत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियससाठी व्हँकोमायसिनचा निर्णय डिस्कवर देताच येत नाही, तिथे एमआयसीच हवी. कोलिस्टिनचा प्रश्न मात्र यंत्र घेतल्यानेही सुटत नाही. हा रेणू प्लेटमधील अगारमध्ये (जीवाणू वाढवण्याच्या जेलीत) नीट पसरत नसल्यामुळे डिस्क बाद ठरते आणि यंत्राच्या उत्तरावरही पूर्ण विसंबता येत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रव माध्यमात औषधाच्या उतरत्या मात्रा लावून पाहणे, वेगळे करावेच लागते.

माझा कौल ज्या गोष्टीने ठरला, ती वरवर किरकोळ वाटेल. कार्ड बंद असते, आत काय वाढते आहे ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक कार्डासोबत त्याच इनॉक्युलमची (कार्डात भरलेल्या जीवाणूंच्या द्रवाची) शुद्धता तपासणारी एक प्लेट लावायची असते. आम्ही ती न चुकता लावत असू. पण तिचे उत्तर दुसऱ्या सकाळी कळते आणि कार्डाचा रिपोर्ट आदल्या रात्रीच वॉर्डात पोहोचलेला असतो. अतिदक्षता विभागातील एका रुग्णाच्या लघवीच्या नमुन्यात असेच झाले. यंत्राने क्लेबसिएला सांगितला आणि जवळजवळ सगळी औषधे रेझिस्टंट दाखवली, त्यावरून राखीव औषध सुरू झाले, आणि सकाळी शुद्धतेच्या प्लेटवर दोन प्रकारच्या वसाहती दिसल्या. क्लेबसिएला वेगळा करून पुन्हा लावल्यावर तो मेरोपेनेमला संवेदनशील निघाला. दीड दिवस रुग्णाला गरज नसलेले औषध मिळाले, ही गोष्ट मला आजही टोचते. डिस्कच्या प्लेटवर अशी मिसळ बहुतेक वेळा लपत नाही: एकाच डिस्कभोवती दोन कडा दिसतात किंवा स्वच्छ झोनमध्ये सुट्या वसाहती उगवतात, आणि रिपोर्टवर सही करण्याआधीच हात थांबतो.

असे अनेक वेळा झाल्यावर यंत्राच्या वेगाचे आकर्षण माझ्यापुरते ओसरले. शिवाय रक्ताच्या कल्चरसाठी युकास्ट या युरोपीय निकष समितीची जलद डिस्क पद्धत आता उपलब्ध आहे. पॉझिटिव्ह बाटलीतील सुमारे १२५ मायक्रोलिटर द्रव थेट म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर पसरून ४, ६ आणि ८ तासांनी झोन वाचायचे असतात. ती मोजक्या जीवाणूंपुरतीच आहे, पण रक्तात सापडणारे नेहमीचे जीवाणू त्यांत येतात.

निकष बदलतात तेव्हाही डिस्क सोयीची पडते. सीएलएसआय या अमेरिकी निकष संस्थेने २०१९ मध्ये एंटेरोबॅक्टेरेल्ससाठी (ई. कोलाय, क्लेबसिएला यांच्या गटासाठी) सिप्रोफ्लॉक्सॅसिनची संवेदनशीलतेची मर्यादा १ वरून ०.२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत खाली आणली, तेव्हा डिस्क वापरणाऱ्यांना भिंतीवरचा तक्ता बदलून झोनसाठी २१ मिलिमीटरऐवजी २६ लिहिणे पुरेसे होते. यंत्रात मात्र आधी नवी संगणकप्रणाली यावी लागते, आणि कार्डातील सर्वांत कमी मात्रा नव्या मर्यादेपर्यंत उतरत नसेल तर कार्डही नवे यावे लागते.

डिस्कला पावसाळा मानवत नाही, हे मात्र मान्य करायला हवे. फ्रीजमधून काढलेली डबी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली की डिस्क ओल धरतात आणि इमिपेनेमसारखे नाजूक औषध सर्वांत आधी बिघडते. एका जुलैत आमच्या नियंत्रण जीवाणूचा, म्हणजे ई. कोलाय २५९२२चा, इमिपेनेम झोन २४ मिलिमीटरवर आला; तो २६ ते ३२ हवा. त्या आठवड्याचे रिपोर्ट आम्ही पुन्हा तपासले. मात्र बिघाड कुठे आहे, हे झोन मोजायच्या पट्टीनेच आम्हाला सांगितले होते.

ज्यांच्याकडे रोज शेकड्याने नमुने येतात आणि प्लेट वाचणारे हात दोनच आहेत, त्यांनी यंत्र घेणे कदाचित योग्यच ठरेल. इतरांना मी सुचवेन, की मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी महिनाभर प्रत्येक जीवाणूचे कार्ड आणि प्लेट शेजारी लावावे, आणि जिथे दोन्ही निकाल जुळणार नाहीत तिथे आधी प्लेट उजेडात धरून पाहावी.