आयएपीटीचं आजीव सदस्यत्व: घ्यावं का?

अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत असाल तर घ्याच. आयएपीटी म्हणजे इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स, ही डॉ. डी. पी. खंडेलवालांनी १९८४ साली उभी केलेली शिक्षकांची स्वतःची संघटना, सरकारी खातं नव्हे. विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाड स्पर्धेसाठीची पहिली पायरी, एनएसईपी ही देशपातळीवरची परीक्षा, हीच संघटना घेते. पुढचे टप्पे मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे. मला खरा फायदा झाला तो संघटनेच्या, फिजिक्सच्या पुस्तकांचे लेखक एच. सी. वर्मांच्या पुढाकारातल्या 'अन्वेषिका' उपक्रमाचा: स्वस्त सामानातले प्रयोग. आमची बारावीची पोरं आता जर्नल उतरवण्याआधी चक्क रीडिंग घेतात! संघटनेची पत्रिका मात्र इंग्रजीत, खेड्यातल्या शिक्षकाला जडच. आणि पगार-बढतीसाठी भांडणारी युनियन हवी असेल, तर ती वेगळी शोधा.