पीआरडीएच : न्यू फ्रान्समधली मूळ आजी शोधायला कितपत कामाचं?

क्वेबेकच्या फ्रेंच घराण्यांची वंशावळ लावायला बसलं की पहिल्या दिवशीच पीआरडीएचचं नाव कानावर येतं. न्यू फ्रान्स म्हणजे उत्तर अमेरिकेतली जुनी फ्रेंच वसाहत, आणि पीआरडीएच हा तिथल्या चर्चच्या नोंदींचा ऑनलाइन साठा. मूळ आजी म्हणजे त्या काळातली आपल्या घराण्याची पूर्वज बाई. माँट्रियल विद्यापीठात ऊबेर शार्बोनो आणि झाक लेगारे यांनी १९६६ साली हे काम सुरू केलं. कॅथलिक पॅरिशच्या (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या) वह्यांमधले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एकेक करून उतरवायची आणि मग ती एकमेकांशी जुळवून माणसं आणि कुटुंबं उभी करायची, असं त्याचं स्वरूप. नोंदी १६२१पासूनच्या आहेत, आणि १७९९पर्यंतचा भाग सगळ्यात भरवशाचा. सेवा पैसे भरून वापरायची आहे. वर्गणीत ठरावीक ‘हिट’ मिळतात आणि तपशिलाचं पान उघडलं की त्यातला एक कमी होतो. त्यामुळे कुठलं पान आधी उघडायचं याला इथे महत्त्व आहे.

पानं तीन प्रकारची : मूळ नोंदीचं, व्यक्तीचं आणि कुटुंबाचं. बहुतेक लोक आधी व्यक्ती शोधतात, आणि हिट वाया जातात ते तिथेच. नवरा-बायको दोघांची आडनावं टाकून थेट कुटुंबाच्या पानावर जावं. लग्नाची तारीख, दोघांचे आईवडील, सगळी मुलं, त्यांचे जन्म-मृत्यू आणि लग्नं तिथे एका नजरेत दिसतात. त्यानंतर फक्त आजीचं व्यक्तिपान उघडावं, कारण तिची दुसरी-तिसरी लग्नं तिथून कळतात. मूळ नोंदीची पानं शंका असेल तेवढ्यापुरतीच.

एका बाबतीत ही वसाहत वंशावळ लावणाऱ्यांवर मेहेरबान आहे. न्यू फ्रान्सच्या कागदांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने राहते, थेट दफनाच्या नोंदीपर्यंत. नवऱ्याचं आडनाव लावून तिला शोधलं तर बहुधा हाती काही लागत नाही, आणि माहेरचं माहीत असेल तर तीन नवरे झालेली बाईसुद्धा सलग सापडते. आडनावांची स्पेलिंगं पीआरडीएचने एकसारखी करून ठेवली आहेत, त्यामुळे त्या काळच्या पाद्र्याच्या लेखणीचा फारसा त्रास होत नाही. ‘दी’ (म्हणजे ‘उर्फ’) लावलेल्या जोडनावांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. मिव्हिल दी देशेन या घरातला एक भाऊ मिव्हिल म्हणून सापडेल आणि दुसऱ्याची मुलं नुसती देशेन म्हणून. कुटुंबात एखादं मूल कमी वाटलं तर दुसऱ्या नावाने पुन्हा शोधा, आणि शेजारच्या पॅरिशमध्येही बघा.

आता ‘राजाच्या मुलीं’बद्दल, म्हणजे फिय द्यू र्वा. १६६३ ते १६७३ या काळात चौदाव्या लुईच्या खर्चाने सुमारे ७७० मुली आणि तरुण विधवा इकडे आल्या. आपली आजी त्यांतली आहे का, हे बघायलाच बरेच जण पीआरडीएच घेतात. पण लग्नाच्या नोंदीत पाद्री असं काही लिहीत नाही. हा शिक्का नंतरच्या अभ्यासकांनी येण्याचं वर्ष, लग्न आणि नोटरीपुढचा लग्नाचा करार पाहून मारलेला आहे, म्हणून दोन याद्यांत थोडा फरक दिसतो. राजाकडून मिळालेले ५० लीव्र (त्या काळचं फ्रेंच चलन) करारात लिहिलेले असले तर पुरावा भक्कम, पण ते सगळ्याच करारांत नसतात. त्यामुळे रक्कम दिसली नाही म्हणून आजीला यादीतून काढून टाकायचं कारण नाही.

तारखा वाचताना जहाजांचं वेळापत्रक डोक्यात ठेवावं. जहाजं उन्हाळ्यापासून शरदाच्या सुरुवातीपर्यंत लागत. काही आठवड्यांत नोटरीपुढे करार होई, आणि ‘आगमनकाळात’, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या धार्मिक काळात, लग्नं लागत नसल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात चर्चमध्ये गर्दी उडे. करार एकाशी आणि लग्न दुसऱ्याशी असं दिसलं तर ती जोडणीची चूकच असेल असं नाही. करार मोडून दुसरा केलेल्या मुली बऱ्याच आहेत.

वयांवर मात्र अजिबात विसंबू नका. १६६६च्या जनगणनेत, म्हणजे इंटेंडंट (राजाने नेमलेला प्रशासक) झाँ तालाँच्या वेळी मोजलेल्या ३,२१५ माणसांत, आजीचं एक वय असतं. पुढच्या वर्षीच्या मोजणीत भलतंच. आणि १६८१मध्ये ती पंधराऐवजी दहाच वर्षांनी मोठी झालेली असते. दफनाच्या वेळचं वय तर अनेकदा फुगवलेलं. फ्रान्समधला बाप्तिस्मा सापडला तरच जन्मवर्ष पक्कं समजावं. त्यासाठी फिशिये ओरिजीन हा साठा आहे आणि तो फुकट आहे. आजी पॅरिसची असेल तर निराशेची तयारी ठेवा, कारण तिथल्या जुन्या पॅरिश वह्या १८७१च्या आगीत गेल्या.

पीआरडीएचची खरी उणीव म्हणजे ते उतारा देतं, मूळ पानाचं चित्र देत नाही. जोडणी संशयास्पद वाटली तर फॅमिलीसर्चवर क्वेबेकच्या कॅथलिक वह्यांची चित्रं (१६२१ ते १९७९) विनामूल्य आहेत, तिथे पडताळा घ्यावा. क्वेबेक शहराची १६४०पूर्वीची वही चर्चसोबत जळाली आणि नंतर आठवणीवरून पुन्हा लिहिली गेली, तेव्हा त्या वर्षांतली एखादी नोंद नसणं म्हणजे घटना घडलीच नाही असं नव्हे. मूलनिवासी आज्यांच्या बाबतीत तर नुसतं बाप्तिस्म्याचं नाव असतं, आईवडील नाहीत. तिथे कुठलाही साठा फार पुढे नेत नाही.

दुसरी उणीव पीआरडीएचची चूक म्हणता येणार नाही, पण पैसे भरण्याआधी माहीत असावी. इथे आजीचं जन्म-लग्न-मरण मिळतं, तिचं घर मिळत नाही. ते नोटरीच्या दप्तरात असतं. वसाहतीत कुत्यूम द पारी हा कायदा होता. नवरा-बायकोची मिळकत सामाईक. एक जण गेला की अर्धी राहिलेल्याची, अर्धी मुलांची. मुलं लहान असतील तर पालक नेमायचा आणि विधवेने पुन्हा लग्न करण्याआधी घरातल्या वस्तूंची यादी करायची. म्हणून कुटुंबाच्या पानावरच्या दोन तारखा टिपून घ्या : पहिल्या नवऱ्याचं दफन आणि आजीचं पुढचं लग्न. यादी बहुधा त्या मधल्या महिन्यांत होते. ते महिने आणि गाव घेऊन पार्शमां या नोटरी-सूचीत शोधा. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराने, म्हणजे बीएएनक्यूने, बरीच दप्तरं चित्ररूपात विनामूल्य ठेवली आहेत. यादीत भांडी, गुरं, मिनोंमध्ये मोजलेलं धान्य, आर्पांमध्ये मोजलेली जमीन, आणि प्रत्येकापुढे लीव्र-सोलमध्ये किंमत. चादर ‘अर्धी झिजलेली’ असेल तर तेही लिहिलेलं. (१ लीव्र म्हणजे २० सोल, हे ध्यानात असू द्या, नाहीतर बेरजा जुळत नाहीत.) कर्जाचा रकाना जड असेल तर विधवेने सामाईक मिळकतीवरचा हक्क सोडल्याचा कागदही शोधावा.

घरोघरच्या वंशावळींत ‘आजीची पेटी’ म्हणून शंभर सुया, हजार टाचण्या, कात्री, दोन चाकू अशी यादी डकवलेली असते. ती सरकारी सामानाची सर्वसाधारण यादी आहे, एका बाईची मालमत्ता नव्हे. पीआरडीएच असली सजावट करत नाही, हा त्याचा गुणच.

नुसत्या तारखांमागे काय दडलेलं असू शकतं याचा नमुना म्हणजे मारी-क्लोद शाम्वा. पोरवयात इकडे आली, फ्राँस्वा फ्रिगाँशी लग्न केलं, पुढे वारशासाठी पॅरिसला परतली तर आईने ओळखच नाकारली. १६९३मध्ये पॅरिसच्या न्यायालयात ती जिंकली. हे सगळं कळतं ते खटल्याच्या कागदांतून, पॅरिशच्या वहीतून नाही.

एकंदरीत, दोन्हींकडची आडनावं आधीच हाताशी असतील तर लहान वर्गणी घ्यावी, पानं लगेच उतरवून ठेवावीत आणि मग नोटरीकडे वळावं. आडनावं नसतील तर आधी फुकटच्या साठ्यांवर ती काढा. आणि घराणं अकादीचं, म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरच्या वेगळ्या फ्रेंच वसाहतीतलं, असेल तर इथे सुरुवात करू नका. तिथल्या पोर-रोयाल या गावाच्या १७०२ ते १७५५च्या वह्या नोव्हा स्कॉशिया अभिलेखागाराने विनामूल्य उपलब्ध करून दिल्या आहेत.