सोलारची बॅटरी घेताय? आधी ती उचलून बघा

1,41,500 रुपये. एवढ्याला मला चुना लागलाय, आणि तोही पक्कं बिल हातात असताना.

सुरुवात चोख होती. एका विक्रेत्याने छतावर 3 किलोवॅटचे पॅनेल आणि हायब्रिड इन्व्हर्टर (ज्याला बॅटरीही जोडता येते असा) बसवून दिले, 2,10,000 ला. नेट मीटर (आपली जादा वीज लाइनला गेलेली मोजणारा) लागला, केंद्राच्या सूर्यघर योजनेची 78,000 सबसिडी माझ्या खात्यात आली. अशा माणसावर कोण संशय घेईल? मग तोच घरी आला. "काका, लाइट गेली की तुमचं सोलारही बंदच ना?" खरंच होतं. लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट जाते ती रात्र रात्र येत नाही.

लिथियम बॅटरी, 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर, म्हणजे 5 युनिट. दुकानात 1,60,000 सांगत होते, हा 1,32,000 ला द्यायला तयार. वर बॅटरीची वेगळी सबसिडी 45,000 मिळवून देतो म्हणाला, तिच्या फायलीचे 9,500 रोख. अहो, सूर्यघरमध्ये बॅटरीला छदाम मिळत नाही! पहिल्या दोन किलोवॅटला 30,000 प्रमाणे, तिसऱ्याला 18,000, झाले 78,000. पुढे शून्य.

बॅटरी आली त्या दिवसाची आठवण झाली की अजून डोकं तापतं. एक बारकं पोरगं ती खांद्यावर टाकून एकटंच जिना चढलं. जुनी ट्यूबलर, म्हणजे लेडची बॅटरी, उतरवायला दोन माणसं लागली होती. बायको लगेच म्हणाली, एवढी महाग वस्तू आणि एवढी हलकी? त्याचं उत्तर तयार: "वहिनी, लिथियम आहे, लेड नाही." आता लिथियम लेडपेक्षा हलकी असते हे खोटं नाही ना! मी काय वजनकाटा घेऊन बसायचं होतं? तर हो, तुम्ही बसा. 5 युनिटची लिथियमसुद्धा 40-45 किलोच्या खाली सहसा भरत नाही.

फ्रिज, दोन पंखे, चार दिवे, धरा 400 वॅट. रात्र निघायला हवी होती. चार तासांत अंधार. ओळखीच्या मेकॅनिकने खोकं उघडलं तर अर्धं रिकामं, आत जुने सेल, त्यांवरचे क्यूआर कोड खरवडलेले. बिलावर सिरियल नंबर नाही, नुसतं "बॅटरी 1 नग". नंबर नसेल तर शेवटचा हप्ता देऊच नका. पैसे फर्मच्या खात्यात टाका, मालकाच्या यूपीआयवर नाही.

आता त्याचा फोन बंद. पोलीस म्हणतात हा व्यवहाराचा वाद, दिवाणीत जा. वीज कंपनीचा साहेब म्हणतो बॅटरी आमच्या कक्षेत येत नाही. ज्या कार्यालयाने त्या विक्रेत्याला योजनेच्या यादीत घेतलं त्याने माझी ऑनलाइन तक्रार "निराकरण झाले" असा शेरा मारून बंद केली. कुणाचं निराकरण? मला एक फोन नाही! चौकशीला गेलो तर तिथला कारकून मलाच विचारतो, एवढं स्वस्त मिळतंय म्हटल्यावर तुम्हाला कळलं नाही का? पगार कशाचा घेता मग?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तिथे अर्ज टाकलाय. लेखी चाचणी-अहवाल लागतो म्हणे, म्हणून खोकं उघडण्याआधी व्हिडिओ काढा. आम्ही काढला नाही, मेकॅनिकने घाई केली. तुमच्याकडेही "1 नग" असं बिल असेल तर फाडू नका, आयोगात दोघांचे अर्ज एकत्र लावता येतात का ते वकिलाला विचारतोय.