पेटी, ट्रॉली की खणांचं कपाट: घरच्या गॅरेजसाठी काय घ्यावं?

फिक्स आणि रिंग पान्यांचे सेट, अर्धा इंची गोट्या (सॉकेट), पकडी, हातोड्या, ड्रिल, ग्रीस गन. घरी एवढं जमलं की वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जातं आणि सिमेंटच्या गोणीत किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यात हत्यारं ठेवण्याचे दिवस संपतात. मग तीन पर्याय समोर येतात. पाच ट्रेची, दोन्ही बाजूंना पंखांसारखी उघडणारी पत्र्याची पेटी. चाकांवरची पाच-सात खणांची तयार ट्रॉली. आणि फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलं, बिनचाकांचं बुटकं खणांचं कपाट. प्लॅस्टिकचे डबे मी यात धरत नाही. प्लंबरच्या चार वस्तूंना ते ठीक आहेत, पण 30-32 चा पाना आणि दोन पौंडी हातोडी आत गेली की वर्षभरात त्यांची कडी तरी जाते नाहीतर बिजागरी.

पेटीबद्दल थोडक्यात. दीड ते अडीच हजारांत चांगली मिळते, बाहेरगावी नेता येते, गाडीच्या डिकीत मावते. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळीत गेलात तर हात लावून बघून घ्या. ट्रे उचलणाऱ्या पट्ट्यांचे रिव्हेट ढिले नकोत आणि पेटी पूर्ण उघडल्यावर ती सपाट बसली पाहिजे, डुगडुगता कामा नये. पेटीची अडचण बंद करताना कळते. एखाद्या पकडीचा दांडा ट्रेच्या काठाच्या बोटभर वर राहिला, की वरचा ट्रे त्यावर अडतो आणि झाकण मिटत नाही. मग हलवायचं, दाबायचं, पुन्हा उघडायचं. तोवर 12-13 चा पाना खालच्या खोलगट भागात जाऊन पडलेला असतो. त्या तळातून काहीही काढायचं तर पेटी पूर्ण उघडावी लागते, म्हणजे ती फळीवर ठेवून चालत नाही, प्रत्येक वेळी जमिनीवर उतरवायची. शिवाय लांबी सतरा-अठरा इंच, त्यामुळे अर्धा इंची टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच नट आवळणारा लांब पाना) बहुतेक पेट्यांत आडवा बसत नाही. ज्याच्याकडे एक दुचाकी आणि मोजकी हत्यारं आहेत, त्याने पेटीवर थांबायला हरकत नाही. खरी निवड उरलेल्या दोघांत आहे.

ट्रॉली दिसायला सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. एका नजरेत सगळी हत्यारं, मध्यवर्ती कुलूप, वर रबरी मॅट, आणि हवी तिकडे ढकला. तयार ट्रॉलीच्या किमतींचा पल्ला मोठा आहे. पंधरा-अठरा हजारांपासून सुरू होऊन चाळीसच्या वरही जातो. माहितीपत्रकातल्या खणांच्या संख्येपेक्षा तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, पत्र्याची जाडी. विक्रेता "हेवी ड्यूटी" म्हणेल, तुम्ही गेज विचारा. 18 गेज म्हणजे साधारण 1.2 मि.मी., 20 म्हणजे 0.9, 22 म्हणजे 0.7. गेज सांगत नसतील तर वजन विचारा. एक मि.मी. पत्र्याचं वजन चौरस मीटरला 7.85 किलो, त्यामुळे वजन खोटं बोलू शकत नाही. साधारण 700 रुंद, 450 खोल आणि 900 मि.मी. उंच, पाच खणांची ट्रॉली 20 गेजची असेल तर चॅनल (खण ज्यांवर सरकतात त्या पट्ट्या) आणि चाकांसकट चाळीस किलोंच्या आसपास भरायला हवी. पंचवीस-तीस सांगितलं तर पत्रा बारीक आहे. अशा खणाचा तळ दहा किलोंना मधोमध पोटासारखा खाली येतो आणि खालच्या खणातल्या वस्तूंना घासायला लागतो.

दुसरी, चॅनल. बॉल बेअरिंगचे तीन भागांचे टेलिस्कोपिक चॅनल असतील तर खण पूर्ण बाहेर येतो. स्वस्त मालात दोन भागांचे रोलर चॅनल असतात आणि ते तीन चतुर्थांशच उघडतात. 400 मि.मी. खोल खणाचे मागचे 100 मि.मी. कायम अंधारात राहतात. जे सापडत नाही ते हमखास तिथेच असतं.

तिसरी, एका वेळी एकच खण उघडू देणारी इंटरलॉक यंत्रणा आहे का. ही चैन नाही, हिशेब करून बघा. 450 खोलीच्या ट्रॉलीत पुढच्या चाकांची रेषा दर्शनी कडेच्या सुमारे 60 मि.मी. आत असते. 400 मि.मी. बाहेर आलेल्या खणाचा मध्य त्या रेषेच्या 235 मि.मी. पुढे येतो. भरलेले तीन खण, प्रत्येकी 12 किलो, म्हणजे वजन गुणिले अंतर, 36 गुणिले 235, 8,460. मागे धरून ठेवणारा सांगाडा आणि बंद खण मिळून 45 किलो, त्यांचा मध्य रेषेच्या 165 मि.मी. मागे, म्हणजे 7,425. पुढचं पारडं जड, ट्रॉली तोंडावर. म्हणून इंटरलॉक नसेल तर जड माल तळाच्या खणात आणि दोनपेक्षा जास्त खण एकदम उघडायचे नाहीत.

एवढं सगळं नीट असलेली ट्रॉली मिळते. तरीही माझं मन ज्या एका गोष्टीवरून फिरलं ती म्हणजे चाकं.

आपल्याकडच्या घरगुती गॅरेजची जमीन कशी असते ते आठवून बघा. पोर्चमध्ये पार्किंग टाइल्स असतात, खाचांच्या किंवा चौकटीच्या, कारण पावसाळ्यात गाडीचं चाक घसरू नये. नाहीतर शहाबादी फरशी, जिचे सांधे दोन-चार वर्षांत खचतात. पाणी बाहेर जावं म्हणून ढाळ दिलेला असतो आणि गेटपाशी एक उंबरठ्यासारखी पट्टी किंवा जाळी असते. स्वस्त ट्रॉलीची तीन इंची चाकं या खाचांत अडकतात. पाच इंची चाकं जातात, पण खडखडत. आणि प्रत्येक खडखडीत खणातल्या गोट्या एक-एक घर पुढे सरकतात. 10, 12, 13, 14 अशा ओळीने लावलेल्या गोट्या गेटपर्यंत ढकलून आणेस्तोवर तळात एकत्र गोळा झालेल्या असतात. ढाळाचं वेगळंच. खणाच्या खटक्याची पकड कमजोर असेल आणि ट्रॉलीचं तोंड उताराकडे असेल, तर भरलेला खण आपोआप हळूच बाहेर येतो. बरं, सरळ उभी करावी तर चाकाचे ब्रेक लावूनही ओल्या टाइलवर ती एखादा इंच सरकतेच. म्हणजे ज्या सोयीसाठी एवढे पैसे मोजले, ती सोय पोर्चमध्ये वापरता येत नाही आणि ट्रॉली शेवटी भिंतीला टेकून एका जागी उभी राहते. मग चाकांचे पैसे कशाला द्यायचे, हा प्रश्न मला तरी टाळता आला नाही.

तुमच्याकडे ट्रिमिक्स केलेली, म्हणजे काँक्रीटमधलं जादा पाणी ओढून घोटलेली, गुळगुळीत सपाट जमीन असेल, किंवा एपॉक्सी लावलेलं बंदिस्त गॅरेज असेल, तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. तिथे चांगली ट्रॉलीच घ्यावी. चाकांवर ढकलून गाडीच्या बाजूला आणण्यात जे सुख आहे ते दुसऱ्या कशात नाही.

बाकीच्यांसाठी बनवून घेतलेलं कपाट. यात डोकेदुखी नाही असं नाही. फॅब्रिकेटर बहुधा गेट, ग्रिल आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड करणारा असतो, खणांचं काम त्याच्या हातचं नसतं. म्हणून मापं कागदावर लिहून द्यावी लागतात, आणि ती अशी.

बाहेरून 700 रुंद, 450 खोल, 450 उंच. सांगाड्याला 18 गेज, खणांना 20 गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. पाच खण: वरचे तीन 60 मि.मी.चे, मग एक 90 चा, तळाला एक 150 चा. 60 च्या खणाची आतली बाजू 50 मि.मी. येते. त्याहून कमी करू देऊ नका, कारण चॅनलचीच उंची 45 असते. या 50 मध्ये अर्धा इंची गोट्या 24 नंबरपर्यंत उभ्या मावतात, लांब गोट्या आडव्या. रिंग पाने एकाच थरात पसरतात आणि खालचं काढायला वरचं उपसावं लागत नाही. 90 मध्ये पकडी आणि हातोड्या, 150 मध्ये ड्रिल, ग्रीस गन आणि वंगणाच्या बाटल्या.

सगळ्यात जास्त चूक होते ती खणाच्या रुंदीत. टेलिस्कोपिक चॅनल एका बाजूला 12.7 मि.मी. जागा घेतो. म्हणून खण हा आतल्या मोकळ्या रुंदीपेक्षा 26 मि.मी.ने अरुंद हवा. 24 ठेवलं तर खण दाबून बसतो आणि सरकताना ओरडतो. 29-30 झालं तर चॅनल तिरका ओढला जातो, बेअरिंगची जाळी वाकते आणि एक दिवस गोळ्या जमिनीवर. वेल्डिंगच्या उष्णतेने सांगाडा दोन-तीन मि.मी. आत खेचला जातो, म्हणून सांगाडा आधी पूर्ण वेल्ड करून गार होऊ द्यायचा, आतली रुंदी पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजायची, आणि मगच खणांचा पत्रा कापायचा. हे फॅब्रिकेटरला पटवणं हाच या पर्यायाचा सगळ्यात अवघड भाग आहे. तो सगळे तुकडे एकदमच कापू पाहतो.

खणाच्या तळाला मधोमध आडवी पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या, नाहीतर 640 मि.मी. रुंदीवर 20 गेजही लवतो. चॅनल 400 लांबीचे, 45 मि.मी. उंचीचे, जोडीला 35 ते 45 किलो क्षमतेचे. ते फॅब्रिकेटरवर सोडू नका, प्लायवूड-हार्डवेअरच्या दुकानातून स्वतः घेऊन द्या. आणि वेल्ड न करता स्क्रूने बसवायला सांगा, म्हणजे पुढे एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो.

कपाट 450 उंचीच्या अँगलच्या स्टँडवर ठेवलं की माथा 900 ला येतो आणि वर छोटा व्हाइस बसवता येतो. स्टँडच्या चारही पायांना खालून नट वेल्ड करून त्यात एम 10 चे बोल्ट घाला. ढाळ कितीही असो, या बोल्टांनी कपाट पातळीत येतं. मग पुढचे दोन बोल्ट तीन-चार मि.मी. जास्त उचला, म्हणजे कपाट अगदी किंचित मागे कललं राहतं. खण स्वतःहून बंद राहतात, खटक्याच्या भरवशावर नाही. ट्रॉलीला हे करता येत नाही. तसंच मागे दोन अँकर फास्टनरने भिंतीला बांधता येतं, त्यामुळे तोंडावर पडण्याची भीती उरत नाही. बांधताना मध्ये 50 मि.मी. पाइपचे तुकडे घाला. पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि पाठीचा पत्रा चिकटून असेल तर गंज तिथूनच सुरू होतो.

गंजाचं थोडं अजून, कारण कोकणात आणि मुंबईत निम्मी हत्यारं यातच जातात. पावडर कोटिंग करून घेताना सेव्हन टँक प्रोसेस, म्हणजे आधी पत्रा सात टाक्यांतून रसायनांनी साफ करून घेणाऱ्याकडे द्या. नुसता पुसून पावडर मारलेला पत्रा दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सोडतो. स्पॉट वेल्डच्या जोडांच्या फटीत पावडर पोचत नाही, तिथे कोटिंगनंतर पातळ तेल ब्रशने सोडावं. खणात वर्तमानपत्र घालू नका, ते ओल धरून ठेवतं. पातळ रबर मॅट चांगली, पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत एकदा उचलून खालचा पत्रा पुसावा. चॅनलला ग्रीस अजिबात नको. पोर्चमधली धूळ त्यात बसून दोन महिन्यांत सहाणेसारखी पूड होते. कोरडं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. कापराच्या वड्या ठेवणारे पुष्कळ आहेत, त्याने नुकसान नाही, पण भरवसा सिलिका जेलवर ठेवलेला बरा.

खर्च शहरागणिक बदलतो. पत्रा, चॅनल, मजुरी आणि कोटिंग धरून दहा ते तेरा हजारांत हे बसावं. याहून महाग, पंधरा-अठरा हजारांत येणारी तयार ट्रॉलीसुद्धा 22 गेजची आणि रोलर चॅनलची असते. म्हणून मला हिशेब कपाटाकडे झुकलेला दिसतो. कुलूप मात्र यात साधंच, प्रत्येक खणाला वेगळं किंवा समोरून एक आडवी पट्टी लावून. आणि घर भाड्याचं असेल तर दुसऱ्यांदा विचार करा, रिकामं कपाट स्टँडसकट पन्नास किलोंच्या आसपास भरतं आणि जिन्यावरून नेताना दोन माणसं लागतात.

ताबा घेताना एकच करा. कोटिंगला पाठवण्याआधी, उघड्या पत्र्यावरच, प्रत्येक खणात दहा किलोंचा पोहे-पिठाचा डबा ठेवून पूर्ण बाहेर ओढा आणि एका बोटाने आत ढकला. एका बोटाने जात नसेल तर मोजमाप तेव्हाच दुरुस्त होऊ शकतं. कोटिंगनंतर ग्राइंडर लावला की त्या जागी पहिला गंज.